कोथरूडमधला 'मेंटेनन्स शून्य' रो-हाऊस घ्यावा का? आधी गच्चीवर जाऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याच्या जवळच्या आतल्या गल्लीत १९९२ चं बांधकाम असलेला तीन बेडरूमचा रो-हाऊस विकायला आहे, ओळीत सहा घरं, हे मधलं, १४५० स्क्वेअर फूट, मागणी २ कोटी ६० लाख, जाहिरातीत "मेंटेनन्स जवळजवळ शून्य, मार्केट-शाळा-मेट्रो सगळं चालत" असं लिहिलंय, तुम्ही दोघं नोकरीवाले, आई-बाबा सोबत राहणार, घराच्या डागडुजीमागे धावायला कुणालाच वेळ नाही. आणि सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्याच्या जवळ, असंच एक घर जरा स्वस्तात बघून ठेवलंय. तर कुठलं घ्यावं, की दोन्ही सोडावं.

मी सिव्हिलवाला, स्ट्रक्चरल ऑडिट आणि बँकांसाठी व्हॅल्युएशन करतो, या भागातल्या ओळीतल्या घरांच्या गच्च्या आणि चेंबर बघण्यातच निम्मं आयुष्य गेलंय. कागदांबद्दल पण लिहितोय पण ते मला कामात जेवढं दिसतं तेवढं, टायटलचं काम वकिलाकडूनच करून घ्या.

आधी उत्तर. कोथरूडचं घर घेण्यासारखं असू शकतं, पण सांगितलेल्या भावाला नाही, कारण तो भाव मला बंगल्याच्या प्लॉटचा वाटतोय आणि तुम्हाला मिळणार आहे दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला चिकटलेलं घर, ज्याच्या खालच्या जमिनीचं तुम्हाला एकट्याला फारसं काही करता येत नाही. यावर खाली सविस्तर येतोच.

आता ते मेंटेनन्स शून्य. सहा घरांची सोसायटी महिन्याला पाचशे-सातशे रुपये घेते, त्यात गेटवरचा दिवा, झाडलोट आणि वर्षातून एकदा ड्रेनेज साफ, एवढंच होतं. लिफ्ट नाही, वॉचमन नाही, जनरेटर नाही, म्हणून बिल कमी, हे खरंच आहे आणि चांगलंच आहे. पण फ्लॅटमध्ये गच्ची, बाहेरचा रंग, पाण्याची टाकी, पाइप, कंपाउंड हे सगळं सोसायटी बघते, इथे ते सगळं तुमचं, आणि ते दर महिन्याला येत नाही, सात-आठ वर्षांनी एकदम दारात येऊन उभं राहतं. माझा साधा हिशेब असा, की लिफ्ट-सिक्युरिटीवाल्या सोसायटीत एवढ्या एरियाच्या फ्लॅटला महिना ५-६ हजार मेंटेनन्स आरामात जातो, तेवढेच पैसे तुम्ही दर महिन्याला आरडीत टाकायचे, ६ हजारांनी १० वर्षांत व्याज सोडून ७ लाख २० हजार होतात, आणि तेवढ्यात एक वॉटरप्रूफिंग, एक-दोन वेळा बाहेरचा रंग, मोटर, टाकी, थोडं प्लंबिंग एवढं साधारण भागतं. म्हणजे घर सांभाळायचा खर्च फ्लॅटएवढाच धरा, फक्त मीटिंगा नाहीत आणि निर्णय तुमच्या हातात. ज्यांना हे चालतं त्यांनीच रो-हाऊस घ्यावा.

आता गच्ची. ब्रोकर तुम्हाला हॉल दाखवेल, किचनची ट्रॉली ओढून दाखवेल, तुम्ही सरळ वर जा. या वयाच्या घरांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे, त्यावर सिमेंट, वर चौकोन आखलेला गिलावा नाहीतर चायना चिप्स (चिनी मातीच्या टाइलचे तुकडे). चांगला केलेला कोबा पंधरा-वीस वर्षं टिकतो, तेव्हा १९९२ चा मूळ कोबा आज कामाचा नसणार, मधे काय केलंय ते विचारा. आणि इथेच गंमत असते, की लिकेज झालं की जुना कोबा फोडायचा खर्च आणि धूळ नको म्हणून लोक त्याच्यावरच दुसरा कोबा टाकतात. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण दोनशे किलो होतं, आणि वापरायच्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये चालतं-फिरतं वजन धरलेलं असतं दीडशे किलो. म्हणजे दुसऱ्या थराने तुमची सगळी मार्जिन खाल्ली, वर माणसं उभी राहायच्या आधीच. कसं ओळखायचं, तर पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, उंची आतून मोजा, आणि जिना गच्चीवर उघडतो तिथला उंबरा बघा, शेवटची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा बुटकी असेल किंवा दाराचा खालचा भाग कापलेला असेल तर वर थर चढलेत हे नक्की.

मग लाकडी दांड्याने किंवा नाण्याने ठोकत फिरा, जिथे पोकळ वाजतं तिथे थर सुटलाय. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी बघा, नव्वद टक्के भानगडी तिथे आणि पॅरापेटच्या बुडाला असतात, सपाट मधल्या भागात कमी. विकणारा तयार असेल तर पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं करायचं आणि खाली सिलिंग बघायचं. तयार नसेल तर जुलैपर्यंत थांबा, फुकटात टेस्ट होते. आणि नुकताच रंग दिलेलं सिलिंग असेल, तेही फक्त वरच्या मजल्यावरच्या एकाच खोलीत, तर तिथेच जास्त वेळ उभे राहा. पीओपीचं फॉल्स सिलिंग असेल तर लाइटची एक फिटिंग काढून आत टॉर्च मारायला सांगा, नाही म्हणाले तर ते नाही हेच उत्तर समजा.

आतून पोपडे, पांढरी खारी किंवा सरळ रेषेत गेलेल्या तांबूस भेगा दिसल्या तर तो रंगाचा प्रश्न नाही, सळईचा आहे. काँक्रीट नवीन असताना आतून अल्कलाइन असतं आणि त्यामुळे सळई गंजत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरत जातो आणि ते अल्कलाइनपण संपवतो, त्या काळात स्लॅबच्या सळईखाली कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम १५ मिलिमीटर ठेवायचे (तेवढं तरी ठेवलेलं असलं तर नशीब), तीस वर्षांत हा परिणाम सळईपर्यंत पोचू शकतो, वरून लिकेजचं पाणी आलं की सळई गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तपासायला सोपं आहे, काँक्रीटला छोटा छेद घेऊन फिनॉलफ्थॅलिन मारतात, गुलाबी झालं तर तो भाग अजून चांगला, रंग आला नाही तर थर खाल्ला गेलाय. सोबत रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक, या काँक्रीटचा दर्जा न फोडता तपासायच्या टेस्ट, घ्या. अडीच कोटीच्या व्यवहारात या टेस्टचा खर्च किरकोळ आहे, तरी लोक तो करत नाहीत आणि वास्तुवाल्याला मात्र आधी बोलावतात.

काही रो-हाऊस लोड बेअरिंग असतात, म्हणजे कॉलम नाहीत, भिंतीच वजन घेतात. १९९२ चं आहे म्हणजे आरसीसी फ्रेम असेल असं गृहीत धरू नका, बाहेरच्या भिंती नऊ इंचाच्या आणि आतल्याही बऱ्याच नऊ इंचाच्या दिसल्या आणि कोपऱ्यात कॉलम कुठेच दिसला नाही तर विचारा. त्यात वाईट काही नाही पण मग "ही भिंत काढून हॉल-किचन एक करू" हे विसरायचं. आणि आधीच्या मालकाने तसं केलेलं असेल तर मला किंवा माझ्यासारख्या कुणाला तरी बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मधलं घर म्हणजे दोन सामाईक भिंती. फायदा असा की ऊन आणि पाऊस फक्त पुढून-मागून, त्यामुळे रंग आणि ओल दोन्ही कमी, खरं सांगायचं तर ओळीतल्या कोपऱ्याच्या घराला लोक जास्त भाव देतात पण सांभाळायला मधलंच सोपं, पुण्यातला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि कोपऱ्याच्या घराची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात भिजून निघते. तोटा म्हणजे शेजाऱ्याचं बाथरूम तुमच्या बेडरूमच्या भिंतीला असेल तर त्याचं लिकेज तुमच्या कपाटामागे येतं आणि ते दुरुस्त करायला त्याच्या घरात फोडावं लागतं. दोन्ही शेजाऱ्यांकडे चहाला जा. नुसती ओळख म्हणून नाही, त्यांचं बाथरूम कुठे आहे ते बघायला, आणि गच्चीवर दोन घरांच्या मधल्या जोडावर काय केलंय ते विचारायला. एका घराने वॉटरप्रूफिंग केलं आणि जोड तसाच सोडला तर पाणी जोडातून शिरून ज्याने पैसे खर्च केले त्याच्याच घरात उतरतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सहाच्या सहा घरांनी एकत्र काम काढल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

ड्रेनेजचं पण असंच. ओळीतल्या घरांचे चेंबर मागच्या बोळात एकाला एक जोडलेले असतात, सहाव्याचं पाणी पाचव्यातून, पाचव्याचं चौथ्यातून असं करत मेन लाइनला. तुम्ही मधे आहात म्हणजे वरच्यांनी टाकलेलं सगळं तुमच्या चेंबरमधून जाणार. झाकण उघडायला लावा. आणि मागच्या बोळावर कुणी पत्रा टाकून वॉशिंग एरिया केलाय का बघा, चेंबर त्याच्या फरशीखाली गाडलेला असेल तर चोकअपच्या दिवशी भांडण ठरलेलं.

पाणी: खाली हौद, वर टाकी, मध्ये मोटर. महापालिकेचं पाणी किती वाजता येतं आणि हौद भरतो का हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नाही. मोटर थेट मेन लाइनला जोडलेली असेल तर ते बेकायदा आहे, आल्या आल्या काढावं लागेल. भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, असतील तर आतून गंजून निम्मे झालेले असणार, दोन नळ एकदम सोडून बघा, धार पडली की कळतं. वायरिंगमध्ये अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का एवढं बघून पुढे चला, ते कसंही बदलावंच लागतं.

आता आई-बाबा. रो-हाऊस उभा असतो, खाली हॉल-किचन, वर बेडरूम. बऱ्याच घरांत खाली फक्त एक संडास असतो, तोही जिन्याखाली. आज ते वर चढतात म्हणून प्रश्न सुटलेला नाही, पुढची पंधरा वर्षं धरा. खाली एक खोली आणि नीट बाथरूम निघतंय का, आणि तिथे व्हीलचेअर जाईल एवढं दार होतंय का हे मला सगळ्यात आधी विचारलं असतं तरी चाललं असतं. जिन्याच्या वळणावर तिरक्या, निमुळत्या पायऱ्या असतील तर त्याच पाडतात माणसाला. छोटी लिफ्ट बसवता येते पण त्यासाठी स्लॅब कापावा लागतो, लोड बेअरिंग घरात तर मी ते शक्यतो करूच देत नाही.

कागदांकडे येतो. पुण्यात रो-हाऊसच्या खालची जमीन साधारण तीन प्रकारे असते. एक, प्रत्येक घराचं वेगळं प्रॉपर्टी कार्ड, हे सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात कमी सापडणारं. दोन, जमीन हाउसिंग सोसायटीच्या नावावर, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट. तीन, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंट, जमिनीत अमुक टक्के अविभक्त हिस्सा. आणि एक चौथा, जो कुणी सांगत नाही, की बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, कधी केलंच नाही आणि जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या नावावर आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरशिवाय ते करून घ्यायची, सोय आहे, ते होतं, पण वेळ लागतो आणि सहा घरांत एकजण जरी "आपल्याला काय करायचंय" म्हणून बसला तर अजून लागतो. त्यामुळे प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा स्वतः ऑनलाइन काढून बघा, ब्रोकरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नको. त्यावर सीलिंगचा, म्हणजे १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा शेरा असेल तर थांबा. कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला पण त्याखाली सूट देऊन बांधलेल्या स्कीमवरच्या अटी आपोआप गेल्या असं नाही, ट्रान्सफरला परवानगी आणि प्रीमियमचा विषय निघू शकतो.

कोथरूडमध्ये हल्ली दिसणारी आणखी एक गोष्ट, मूळ मालक गेलेले असतात, घर आईच्या किंवा नॉमिनीच्या नावाने चालू असतं आणि मुलं अमेरिकेत. नॉमिनी म्हणजे मालक नाही, सगळ्या वारसांची सही किंवा रजिस्टर हक्कसोडपत्र पाहिजे. कुलमुखत्यारपत्रावर विक्री असेल तर ते तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून ॲटेस्ट केलेलं आणि इथे आल्यावर ३ महिन्यांच्या आत स्टॅम्प केलेलं आहे का बघा. आणि विकणारा एनआरआय असेल तर टीडीएसचं गणित पूर्ण बदलतं, नेहमीचा १ टक्का कापून चालत नाही, त्याआधी सीएकडे जा, नाहीतर नोटीस तुम्हाला येईल, त्याला नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि मराठी पेपरात जाहीर नोटीस, हे वकील करतोच, नको म्हणू नका.

मंजूर नकाशा मागा आणि घरात हातात धरून फिरा. पुढची टेरेस बंद करून केलेली खोली, मागच्या मार्जिनमध्ये किचन, गच्चीवर पत्र्याची शेड आणि खाली "स्टुडिओ", हे सगळं १४५० फुटांत मोजलंय का? बँकेचा व्हॅल्युअर नकाशातलंच धरतो. शिवाय अनधिकृत बांधकामाला महापालिका तिप्पट कर लावते. भोगवटा पत्र (बांधकाम नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल तर भाव पाडायला ते एकटं पुरेसं कारण आहे.

आता भावाचा मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहितोय. विकणारा म्हणतो शेजारच्या बंगल्याला बिल्डरने अमुक दिलं, कोथरूडमध्ये रिडेव्हलपमेंट जोरात आहे, उद्या तुमचंही जाईल. बंगल्याचा प्लॉट एकट्याचा असतो, चारी बाजूंनी मोकळा, तो पाडून बांधता येतो. तुमचं मधलं घर पाडायचं तर दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्याच्याही आहेत, जमीनही बहुतेक सामाईक असते, म्हणजे सहाही घरं एकत्र आल्याशिवाय काही होत नाही, आणि सहा कुटुंबांत एकाचं नुकतंच रिनोव्हेशन झालेलं असतं, एकाला भाडं येत असतं, एकजण सिॲटलला असतो. त्यात गल्लीची रुंदी मोजा, टेप घेऊन, डोळ्यांनी नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या युनिफाइड बांधकाम नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, आणि या कॉलन्यांमधल्या बऱ्याच आतल्या गल्ल्या ६ मीटरच्या आहेत. टीडीआर नाही तर बिल्डरला त्यात फारसं काही उरत नाही. म्हणून पुढच्या रिडेव्हलपमेंटचे पैसे आज विकणाऱ्याला देऊ नका. तुम्ही एक तीस-पस्तीस वर्षं जुनं, चांगल्या जागी असलेलं, स्वतःची गच्ची असलेलं घर घेताय, तेवढ्याचा भाव करा. त्याच भागातल्या त्याच वयाच्या फ्लॅटचे प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार नोंदणी विभागाच्या साइटवर सूची २ मधून काढा, त्यावर गच्ची आणि पार्किंगसाठी थोडं वर चढा, आणि तिथून दुरुस्तीचं एस्टिमेट वजा करा. मागणी आणि हा आकडा यात जेवढा फरक तेवढं बोलायला तुम्हाला जागा आहे.

समजा मागणीएवढंच दिलंत तर खिशातून किती जातं बघा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर १ टक्का एलबीटी (स्थानिक संस्थेचा अधिभार) आणि १ टक्का मेट्रो अधिभार, मिळून ७, म्हणजे २ कोटी ६० लाखांवर १८ लाख २० हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर १ टक्का कमी, २ लाख ६० हजार वाचतात, दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. नोंदणी फी ३० हजार. शुल्क रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, आणि करारातली किंमत यात जे जास्त त्यावर. कर्ज ७५ लाखांच्या वरचं असलं की बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे १ कोटी ९५ लाख, आणि तेही त्यांच्या व्हॅल्युअरने एवढी किंमत लावली तर. त्याने बंद केलेली टेरेस वगळून २ कोटी ३० लाख लावली तर कर्ज १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर येतं आणि बाकीचे ८७ लाख ५० हजार तुमचे, वर स्टॅम्प ड्युटी, वर दुरुस्ती. विकणारा भारतातच राहणारा असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, तो किमतीतलाच, जादा नाही. सोसायटी ट्रान्सफरचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेऊ शकते, "डोनेशन" म्हणून लाखाची भाषा झाली तर हसून सोडून द्या आणि लेखी मागा. घर झाल्यावर मिळकत करात स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत मिळते पण पीटी-३ फॉर्म भरायला विसरू नका, आधीच्या मालकाची सवलत तुम्हाला चालत येत नाही.

जागेचं म्हणाल तर कोथरूडबद्दल मी काय सांगू, भाजी, दवाखाना, नाटक, वाचनालय, दळण, सगळं पायाखाली, आई-बाबांना दुपारी कंटाळा येणार नाही. "मेट्रो चालत" मात्र जरा ताणलंय. मेट्रो पौड फाट्यापासून पौड रोडने जाते, आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाझ ही स्टेशनं त्या बाजूला, कर्वे पुतळ्याकडून तुम्ही चालाल पण ज्येष्ठांना रिक्षाच. गजबज हवी असेल तर गजबजीचा आवाजही आला. शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ गल्लीत उभे राहा, कोपऱ्यावर खाण्याच्या गाड्या असतील तर तुमच्या गेटसमोर दुचाक्या लागतील, आणि गणपतीत मंडळाचा मांडव कुठे पडतो ते विचारा. बाजूचा एखादा बंगला रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का हेही काढा, कारण मग दोन-तीन वर्षं ब्रेकर, शेजारी खोल खड्डा, आणि शेवटी तुमच्या गच्चीवर अकरा मजल्यांची सावली. गच्चीवर सोलर लावायचा विचार असेल, आणि स्वतःची गच्ची असताना तो असावाच, केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेतून ३ किलोवॉट आणि वरच्याला ७८ हजार सबसिडी मिळते, तर ही सावली तुमचं सगळं गणित बिघडवते. सोसायटीची जमीन असेल तर त्यांचं एनओसी आधी घ्या.

सहकारनगरचं घर. ओढ्यापासून किती लांब ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं त्यावरच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला त्यात अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात घरात पाणी शिरलं, माणसं गेली. फ्लॅट वरच्या मजल्यावर असतो, रो-हाऊसचं किचन, हॉल, हौद, मीटर सगळं जमिनीवर. जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती आहे, त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, तो हाताने भिंतीवर दाखवेल. नदीकाठी असाल तर निळी रेषा आणि लाल रेषा बघायची, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण ओढ्यांच्या बाबतीत नुसत्या नकाशावर जाऊ नका, भिंती आणि कल्व्हर्ट प्रत्यक्ष बघा. ओढ्याला लागून असेल तर कितीही स्वस्त असलं तरी मी आई-बाबांना तिथे तळमजल्यावर ठेवणार नाही. टेकडीच्या बाजूला वर असेल तर वेगळी गोष्ट, मग ते कोथरूडपेक्षा शांत आणि कदाचित चांगलंच घर आहे.

घेतलंत तर कामाचा क्रम चुकवू नका. लोक आधी मॉड्युलर किचन करतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर पाणी गळतं. आधी गच्ची, जुना कोबा पूर्ण काढून, शेजाऱ्यांसोबत जोडासकट, वर पांढऱ्या चायना चिप्स म्हणजे खोल्याही कमी तापतात. मग प्लंबिंग, सगळे नवे पाइप सीपीव्हीसीचे (न गंजणारं प्लास्टिक) आणि शक्य तिथे भिंतीबाहेरून डक्टमध्ये, दिसायला जरा वाईट पण पुढे टाइल फोडावी लागत नाही. मग वायरिंग. मग फरशी उचललीच आहे तर वाळवीचं औषध, आणि त्यानंतर फरशी. खिडक्यांना ग्रॅनाइटचे सिल बाहेर अर्धा-पाऊण इंच काढून आणि त्याला खालून खाच, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाली टपकतं, ही एवढीशी गोष्ट बाहेरचा रंग दोन वर्षं जास्त टिकवते. बाहेर लाकूड कुठेही नको, डेक नको, लॉन तर अजिबात नको, पुढच्या चार फुटांत कुंड्यांत कढीपत्ता-लिंबू लावा. मोठं झाड असेल तर ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्याची मुळं चेंबरकडे गेलीत का एवढं बघा.

टोकन द्यायची घाई करतील, "दुसरी पार्टी रविवारी येतेय" हे वाक्य येणारच. द्यायचंच असेल तर छोटी रक्कम, चेकने, आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की टायटल सर्च, मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल तपासणी किंवा बँकेचं मूल्यांकन यापैकी काहीही समाधानकारक आलं नाही तर पूर्ण पैसे अमुक दिवसांत परत. यावर सही करायला विकणारा तयार नसेल तर रविवारच्या पार्टीला घेऊ दे.